नव्या तांदळाचा रिसोत्तो

भंडाऱ्यात घरी इटालियन काही करायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती पाकिटातला पास्ता, चीजचे चौकोन आणि ओरेगॅनोच्या पुड्या यांची. मग तो पास्ता कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परतला जातो, वर सॉस पडतो आणि मुलं आनंदानं खातात. त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हे पदार्थ मी घरी सतत करत आले आहे आणि त्यातून माझं मत पक्कं झालं आहे, की धानाच्या या जिल्ह्यानं इटलीच्या स्वयंपाकात शिरायचं तर भाताच्या वाटेनं शिरावं. इटलीच्या उत्तरेला, पो नदीच्या खोऱ्यात, व्हर्चेल्ली आणि नोव्हारा हे धानाचेच मुलूख आहेत. 1863 ते 1866 या काळात खोदलेल्या कावूर कालव्याचं पाणी तिथल्या बांध्यांत खेळतं. आपल्याकडे तेच काम मामा (माजी मालगुजारी) तलावांनी केलं. तिथेही गुडघाभर पाण्यात वाकून निंदण आणि रोवणी केली ती बायकांनी. त्यांच्या कष्टांवर 1949 साली ‘रिसो आमारो’ नावाचा गाजलेला चित्रपट निघाला. म्हणजे रिसोत्तो, हा रसदार दाटसर भात, मुळात धान पिकवणाऱ्यांच्या मुलखाचा पदार्थ आहे. तो भंडाऱ्याला परका वाटावा, असं मला काही दिसत नाही.

पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो. रिसोत्तोला आर्बोरिओ किंवा कार्नारोली हाच तांदूळ लागतो, आपल्या तांदळाचा तो होत नाही, असं ते सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. कार्नारोलीचा दाणा टपोरा असतो. त्याच्या बाहेरचा स्टार्च सुटून रस दाट होतो आणि आतला गाभा दाताला लागेल इतका टणक राहतो. आपला चिन्नोर किंवा एचएमटी बारीक, त्याचा गाभा तेवढा तग धरत नाही. पण हा कार्नारोलीही काही अनादी नाही, तो 1945 च्या सुमाराचा संकरित वाण आहे. त्याआधीही लोक रिसोत्तो करत होते, हाताशी असलेल्या तांदळाचा. एचएमटीचीही गोष्ट अशीच. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून तो वाण निवडला. वाण माणसंच घडवतात, आणि पदार्थ त्या त्या वाणाप्रमाणे हात बदलून घेतो.

हात बदलायचा म्हणजे काय, हे मला इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळं यश त्यातच आहे. दिवाळीच्या आगेमागे आलेला नवा तांदूळ आपल्या घरांत नकोसा असतो. भात गिच्च होतो म्हणून तो मुरवत ठेवतात. तांदूळ जुना होतो तसा दाणा कडक होतो, जास्त पाणी पितो आणि मोकळा शिजतो. रिसोत्तोला याच्या नेमकं उलट हवं असतं, म्हणून नवा चिन्नोर इथे सर्वांत सरस ठरतो. तो धुवायचा नाही, कारण धुतला की दाण्यावरचा स्टार्च पाण्याबरोबर जातो. निवडून, कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचा. जाड बुडाच्या गंजात लोणी आणि बारीक कांदा परतून त्यात तांदूळ कोरडाच गरम करायचा, आणि मग उकळतं पाणी पळी-पळीनं, मागचं आटल्यावरच. व्हेनिसकडे ‘रिसी ए बिसी’ हा वाटाण्याचा दाटसर भात करतात, त्यासाठी वाटाण्याच्या टरफलांचंच पाणी काढतात. हिवाळ्यात आपल्याकडेही टरफलांचा ढीग पडतो, तेव्हा विकतच्या स्टॉकची गरजच उरत नाही. कार्नारोलीला सतरा-अठरा मिनिटं लागतात. चिन्नोर त्याच्या चार-पाच मिनिटं आधीच उतरवावा. गॅस बंद केल्यावर थंड लोणी घालून जोरात घोटायचं. गंज पितळी असेल तर कल्हई नीट पाहून घ्यावी, टोमॅटो घालणार असाल तर नक्कीच.

रिसोत्तोत घालायच्या चीजचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. पार्मेजानोची खारट-तुरट खोली प्रोसेस्ड चीजला येत नाही, पनीरला तर नाहीच. पार्मेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, म्हणून शाकाहारी घरात ते चालतही नाही. अशा वेळी बहुतेक जण चीजचं प्रमाण दुप्पट करतात, आणि ते मला पटत नाही. दक्षिण इटलीतल्या गरीब घरांनी यावर केव्हाच उत्तर शोधलं होतं: शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर खरपूस भाजून चीजच्या जागी भुरभुरायचा. भंडाऱ्याच्या बेकरीचा पाव त्याला पुरेसा आहे.

पास्त्याबद्दलही हेच. विदर्भात उन्हाळ्यात सरगुंडे करतात. कणकेची पट्टी काडीवर पिळदार गुंडाळायची, वाळवायची, उकडायची आणि आंब्याच्या रसाबरोबर वा पन्ह्याबरोबर खायची. सिसिलीत त्रापानीकडचे ‘बुसियाते’ असेच काडीवर वळतात आणि बदाम, टोमॅटो, लसूण, बेसिल यांच्या वाटणात घोळवतात. ज्या घरात सरगुंडे वळता येतात त्या घराला पास्त्याचं पाकीट कशाला हवं? कणकेत बारीक रवा मिसळून ती घट्ट मळली की ते उकडताना फुटत नाहीत. बेसिलसाठी बाजारातला सब्जाच पेरावा, ती त्याच कुळातली जात आहे. वास थोडा वेगळा येतो, पण कुंडीतलं ताजं पान पुडीतल्या चुऱ्यापेक्षा कितीतरी बरं.

आता दुसरा आक्षेप, घरातल्या वडीलधाऱ्यांचा: आपलं सोडून हे कशाला? मला वाटतं, यात आपलं काही सुटत नाही. नव्या तांदळाला मान मिळतो आणि मागे पडत चाललेले सरगुंडे पुन्हा ताटात येतात. गोडाचंही तसंच. बोलोन्यात तांदूळ दुधात शिजवून, साखर, अंडी आणि बदाम घालून भाजतात आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. त्या वडीला चिन्नोरचा सुवास फार शोभतो. पन्ना कोत्ता, म्हणजे थंड करून थिजवलेली गोड साय, म्हशीच्या दुधाच्या सायीचा उत्तम होतो, फक्त जिलेटिनऐवजी चायना ग्रास घ्यावा. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पानात वाढेपर्यंतच पाणी होतं. चायना ग्रासची जेली वितळायला ऐंशीच्या वर तापमान लागतं. त्याचं प्रमाण मात्र हात राखून घ्यावं, नाहीतर पन्ना कोत्ता सुरीनं कापावा लागतो. तो हलवला की थरथरला पाहिजे.