तंबोऱ्याच्या कसोटीवर हाय-रेझ

लखनौत बारीक आवाज ऐकायचा तर डिसेंबर-जानेवारीतच. एप्रिल लागला की आमच्या महानगर भागात घरोघरी कूलर सुरू होतात आणि त्या घरघरीत तंबोऱ्याचा षड्ज तेवढा उरतो, वरचं सगळं बुडून जातं. थंडीत मात्र पंखे बंद, खिडक्या बंद, धुक्यामुळे रस्त्यावरची वर्दळही लवकर आटोपलेली. बादशाहनगर स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीची शिट्टी मधूनमधून येते, तेवढंच. फोनवर गाणं ऐकवणाऱ्या इतक्या सेवा निघाल्या आहेत. त्यांतल्या कोणाचा आवाज खरोखर चांगला, हे एकदा नीट पडताळून पाहायचं माझ्या मनात होतं. त्यासाठी मी मागची थंडी राखून ठेवली.

निमित्त माझ्या शिष्यांचं. मी घरी ख्याल शिकवते. मुली रियाज करतात तो फोनवरचं गाणं ऐकून. एकीनं विचारलं, "मैम, हाय-रेझवाला प्लान ले लें? उसमें मींड ज़्यादा साफ़ सुनाई देती है क्या?" वसतिगृहात राहणाऱ्या, शिकवण्या करून फी भरणाऱ्या मुलीचा हा प्रश्न होता. त्याचं उत्तर ऐकीव माहितीवर देणं मला पटेना.

माझं माहेर मिरजेचं. तंबोरे घडताना पाहतच मी लहानाची मोठी झाले. भोपळा कोरताना, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी उघडताना. लग्नानंतर इकडे येताना जो तंबोरा बरोबर आणला तो अजून माझ्या खोलीत आहे. लखनौ मला परकं वाटलं नाही, याचंही कारण गाणंच. कैसरबागेतलं संगीत महाविद्यालय १९२६ साली उभं राहिलं ते विष्णू नारायण भातखंड्यांच्या ध्यासातून, आणि पुढं कित्येक वर्षं ते सांभाळलं श्रीकृष्ण रातंजनकरांनी. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी ही माणसं इथंच घडली. तेव्हा विद्यार्थी गुरूसमोर बसून ऐकत. आज तो गुरू बऱ्याच अंशी फोनमध्ये आहे. म्हणून फोन नेमकं काय ऐकवतो आणि काय गाळतो, याची मला काळजी वाटते.

आमचे हे रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले विद्युत अभियंते. आकड्यांचा भाग त्यांनी मला समजावला. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक नोंद १६ बिटची असते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या नोंदीत २२ पर्यंतचं सगळं मावतं. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल होतं. हाय-रेझ म्हणजे याच्या पुढचं: २४ बिट, आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ.

ॲपल म्युझिकनं जून २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं, आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतचं हाय-रेझ वेगळे पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायवर बरीच वर्षं सेकंदाला ३२० किलोबिटची मर्यादा होती. लॉसलेस आलं सप्टेंबर २०२५ मध्ये, २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचं. यूट्यूब म्युझिक २५६ वर थांबतं, जिओसावन ३२० वर. टायडल आणि कोबझ भारतात रीतसर मिळत नाहीत. मुलगी नेदरलँड्सला असते. ती सुटीत आली तेव्हा कोबझवरून काही राग फोनात उतरवून घेऊन आली होती.

तुलनेत सगळ्यात मोठा घोटाळा आवाजाच्या पातळीनं होतो. एक डेसिबलनं मोठं वाजलेलं गाणं ऐकणाऱ्याला 'जास्त चांगलं' वाटतं, मोठं वाटतच नाही. प्रत्येक सेवा गाण्यांची पातळी आपापल्या हिशेबानं सारखी करत असते. यांनी सगळीकडे ती सोय बंद केली, हेडफोनच्या तारेवर मल्टिमीटर लावून पातळ्या जुळवल्या, आणि नाणं उडवून ठरवलं की आधी काय वाजवायचं. मी पाठमोरी बसले. शेजारी वीस वर्षांची एक शिष्या, कारण साठीनंतर बारा-तेरा किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं कमी होत जातं आणि माझ्या एकटीच्या कानावर निकाल देणं योग्य नव्हतं. ब्लूटूथ वगळलं. त्यातला नावाजलेला एलडॅकसुद्धा फार तर ९९० किलोबिट नेतो, आणि साध्या सीडीलाच १,४११ लागतात. ज्या मुली कानात बिनतारी बोंडं घालून हाय-रेझ ऐकतात त्यांच्यापर्यंत हाय-रेझ पोचतच नाही.

सुरुवात मी कोणत्याही सेवेनं केली नाही. माझाच तंबोरा लावला आणि छोट्या रेकॉर्डरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये भरून घेतला. यांनी त्याच्या निरनिराळ्या प्रती केल्या: सीडीच्या दर्जाची, ३२० ची, १२८ ची. तंबोऱ्याइतकी कठोर कसोटी दुसरी नाही. चार तारांतून जे स्वयंभू स्वर उठतात, गांधार उमलतो, तारेचा नाद विरत जाताना रंग बदलतो, ते सगळं माझ्या रोजच्या कानातलं आहे. १२८ ची प्रत आम्ही दोघींनी ऐकताक्षणी ओळखली. जवारीची धार बोथट झालेली, नाद विरताना पाणचट झालेला. ३२० ला मात्र कान टवकारावे लागले. शिष्येनं काही वेळा तारेच्या आघातावरून बरोबर ओळखलं, काही वेळा नाही. मला तर खात्रीनं सांगता आलंच नाही. सीडीची प्रत आणि मूळ ९६ किलोहर्ट्झची प्रत यांत आम्हा दोघींनाही फरक सापडला नाही.

सेवांचंही तेच झालं. एकाच मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत ॲपलवर, स्पॉटिफायच्या लॉसलेसमध्ये आणि मुलीच्या कोबझवर ऐकली तर ती एकच होती. कोणाचा आवाज 'उबदार', कोणाचा 'मोकळा' असं जे बोललं जातं, त्यातलं पातळी जुळवल्यावर काही उरलं नाही. यावर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझ आणि सीडी-दर्जा यांतला फरक ओळखण्याच्या ५५४ खेपांपैकी २७६ बरोबर निघाल्या, म्हणजे नाणेफेक. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के आलं. फरक अगदी थोडा, पण कान तयार असलेल्यांना तो जास्त कळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून हाय-रेझ थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. त्या फरकासाठी गाणं शिकणाऱ्या मुलीनं पोटाला चिमटा घेऊ नये, एवढंच म्हणेन. ॲपलच्याच हिशेबानं तीन मिनिटांचं गाणं १९२ किलोहर्ट्झला १४५ एमबी होतं. अर्ध्या तासाचा ख्याल जवळजवळ दीड जीबी! मोबाइलचा दिवसाचा डेटा एका बड्या ख्यालात संपला. २५६ किलोबिटला तोच ख्याल साठेक एमबीत येतो.

मग फरक कुठं आहे? आहे, आणि तो दोन सेवांमधल्या कोणत्याही फरकाहून कितीतरी मोठा आहे. तो मूळ प्रत कोणती वापरली यात आहे.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच झालेले. त्यांची १९३० च्या दशकातली एक तबकडी मी दोन संग्रहांत ऐकली. एकीकडे षड्ज काळी चारला, दुसरीकडे काळी चार आणि पांढरी पाचच्या मधोमध. गायक एक, मुद्रण एक! तेव्हाच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत, आणि उतरवून घेताना वेग दोन फेऱ्यांनी चुकला तरी स्वर जवळजवळ पाव स्वराइतका सरकतो. आवाजाची जातही बदलते, तान उगाच चपळ किंवा सुस्त होते. त्या चुकीच्या वेगाच्या प्रतीवर 'लॉसलेस'ची खूण होती. म्हणजे चूक जशीच्या तशी, एकही कण न गाळता, माझ्यापर्यंत पोचवली गेली होती.

दुसरं उदाहरण इथलंच, आणि माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. बेगम अख्तर लखनौच्याच झालेल्या. लग्नानंतर काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं, आणि १९४९ मध्ये इथल्या आकाशवाणी केंद्रावरच त्या पुन्हा गायल्या. ठाकूरगंजच्या पसंदबागेत त्यांची कबर आहे. चढत्या स्वरावर त्यांचा आवाज क्षणभर फुटतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्याच जागेवर अडकतो. नख्खासच्या रविवारच्या बाजारात मला त्यांची एक जुनी ७८ ची तबकडी मिळाली. चौकातल्या एका संग्राहकांनी ती रुंद खोबणीसाठी असते ती सुई लावून वाजवली आणि भरून दिली. खरखर भरपूर होती. पण त्या खरखरीमागे गाण्याआधी घेतलेला श्वास होता, 'स' आणि 'श' यांतला फरक होता, सारंगीच्या गजाचा घासता आवाज होता. तेच गाणं एका सेवेवर 'स्वच्छ' केलेलं आहे. खरखर गेली आणि तिच्याबरोबर श्वासही गेला, कारण दोन्ही एकाच उंचीच्या पट्ट्यात असतात. यंत्र पुसताना निवड करत नाही. आवाज फुटण्याची ती जागा पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत झाली आहे. वर थोडा प्रतिध्वनी चढवला आहे, म्हणजे बाई रिकाम्या सभागृहात गात आहेत असं वाटावं. शिष्येला दोन्ही ऐकवलं, कुठलं कोणतं ते न सांगता. खरखरीचं ऐकून ती म्हणाली, "मैम, इसमें तो वो सामने बैठी हैं."

जुन्या गाण्याला किती बिट लागतात याचा हिशेब यांनी कागदावर मांडून दाखवला. लाखेच्या तबकडीत गाणं आणि खरखर यांत साधारण ४० डेसिबलचं अंतर, म्हणजे सातेक बिट. जुन्या चुंबकीय फितीत ६० ते ७०, म्हणजे दहा ते बारा. आपल्याकडचं जे ध्वनिभांडार आपण थोर मानतो ते बहुतेक सगळं १६ बिटमध्ये आरामात बसतं. त्याच्यावर १९२ चा शिक्का मारून त्यात नवीन काही येत नाही.

२४ बिटची खरी जागा दुसरीकडे आहे: तबकडी किंवा फीत पहिल्यांदा संगणकात उतरवताना. तिथं पातळी किती ठेवायची ते आधी कळत नाही, पुढं दुरुस्त्या करायच्या असतात, आणि जास्तीचे बिट तिथं उपयोगी पडतात. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून जुन्या तबकड्यांसाठी काम करते आहे. अशा काळजीनं उतरवलेली प्रत साध्या २५६ किलोबिटवर ऐकली तरी ती वेगानं चुकलेल्या, घासून पुसलेल्या हाय-रेझ प्रतीहून चांगली वाजते. हे मी ऐकून सांगते आहे.

मुलींना मी आता सांगते ते असं. जी सेवा परवडते ती घ्या, फक्त तिच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा सर्वांत वरचा ठेवा. पुष्कळांचा फोन वर्षानुवर्षं खालच्या दर्जावर अडकलेला असतो. वाचलेले पैसे तारेच्या बऱ्या हेडफोनमध्ये घाला. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती शोधा, तंबोरा किंवा पेटी घेऊन पट्टी तपासा, आणि जिच्यात श्वास ऐकू येतो ती ठेवा.

आणि वाचकांना एक विनंती. माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका, उन्हापासून जपा. जाणत्या माणसाकडून योग्य सुईनं आणि योग्य वेगानं २४ बिटमध्ये उतरवून घ्या, खरखर काढायला सांगू नका, आणि गायकाबरोबर साथीदारांची नावं, तबकडीचा क्रमांक, लेबलवरचं प्रत्येक अक्षर फाइलसोबत लिहून ठेवा.