सिंगापूरची दोन बंदरे

आमचे अब्बाजी, म्हणजे माझे सासरे, १९८३ साली ‘अकबर’ जहाजाने हजला गेले होते. सोबत त्यांची वालिदा होत्या. मुंबई ते जेद्दा हा समुद्रातून जाणारा हजचा मार्ग १९९५ नंतर बंद झाला, आणि त्यानंतर अब्बाजींचे पाऊल कुठल्याच मोठ्या जहाजावर पडले नाही. वय झाले, गुडघे दुखू लागले, तरी बोलता बोलता गाडी ‘अकबर’वर येऊन थांबायचीच. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवले की त्यांना घेऊन सिंगापूरला जायचे, दोन दिवस शहरात राहायचे आणि तिथूनच सुटणाऱ्या क्रूझवर दोन रात्री काढून परत यायचे. अब्बाजी, माझी नणंद, आम्ही दोघे, चौदा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा, असे सहा जण.

विमानाची तिकिटे झाली, हॉटेल झाले, जहाजाची खोली झाली. या तिन्हींच्या मधले रस्ते मात्र कुणीच ठरवले नाहीत. सिंगापूर एवढेसे, टॅक्सीत बसले की पोहोचलो, असे आमच्या ह्यांचे म्हणणे. टॅक्सीत बसले की माणूस कुठेतरी पोहोचतो हे खरेच. कुठे, हा प्रश्न वेगळा.

चांगी विमानतळ ते शहर हे अंतर साधारण वीस किलोमीटर. मुंबईहून रात्री निघालेले आमचे विमान गुरुवारी पहाटे सहाच्या आत उतरले. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फजर हाताशी होती. चांगीच्या जुन्या टर्मिनलमध्ये उतरलेला प्रवासी आधी निघणाऱ्या प्रवाशांच्याच दालनातून चालतो आणि तिथे नमाजसाठी खोली आहे. वजू आणि नमाज इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहण्याआधीच उरकून घ्यावी, ही माझ्या बहिणीने दिलेली सूचना फार उपयोगी पडली. बाहेर पडल्यावर सामान, पोरे आणि टॅक्सीची रांग यांत वेळ कसा जातो कळत नाही.

आता टॅक्सी की मेट्रो? मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात. तिचे स्टेशन टर्मिनल दोन आणि तीनच्या मध्ये आहे. पहिली गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुटते, माणशी भाडे दोन डॉलरच्या आसपास, आणि आपले बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड सरळ फाटकावर टेकवले तरी चालते. परदेशी कार्डाला दिवसाचे थोडे जादा शुल्क लागते, एवढेच. मात्र एका कार्डावर एकच माणूस. शहरात जायला तानाह मेराह स्टेशनावर हिरव्या मार्गाची गाडी धरायची, किंवा एक्स्पोला निळ्या मार्गाची. दोन्ही बुगिसला जातात. प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसालाही जिने चढावे लागत नाहीत. दोघे-तिघे असाल आणि सामान बेताचे असेल तर हाच रस्ता सगळ्यांत चांगला.

आम्ही सहा जण आणि आठ बॅगा. त्यातून कामाचा दिवस. सकाळी सातला शहराकडे जाणाऱ्या गाडीत नोकरदारांची गर्दी असते आणि त्यात आठ बॅगा ढकलायला मला लाज वाटली. साध्या टॅक्सीत चारच माणसे बसतात. मीटरवर विमानतळाचा अधिभार पडतो. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत भाडे निम्म्याने वाढते आणि सहा वाजल्यावर कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेचा पाव हिस्सा जादा लागू होतो. म्हणजे पहाटे उतरणाऱ्याची यातून सुटका नाहीच. एका टॅक्सीचे वीस ते चाळीस डॉलर धरावेत. सहा-सात जणांची मोठी गाडीही विमानतळावरच ठरीव भाड्याने मिळते. भाव ऐकून ह्यांनी तोंड वाकडे केले, पण दोन टॅक्सींची बेरीज केली तेव्हा फरक मामुली निघाला. आम्ही मोठी गाडी घेतली. या सबंध प्रवासातला हा आमचा एकमेव शहाणपणाचा निर्णय, आणि शुक्रवारी आम्ही तोच विसरलो.

हॉटेल कॅम्पाँग ग्लाममध्ये घेतले होते. बुगिस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर सुलतान मशिदीचा हा मोहल्ला. खोली दुपारीच मिळणार होती, पण सामान सकाळीच ठेवून घेतले. अरब स्ट्रीटवर कापडाची दुकाने, मशिदीसमोर नॉर्थ ब्रिज रोडला १९०८ सालापासूनचे झमझम हॉटेल आणि तिथला खिम्याचा मुर्तबाक. हलाल कुठे मिळेल हा शोध घ्यावा लागत नाही, हेच या वस्तीत राहण्याचे मोठे सुख. मशिदीची आजची इमारत १९३२ साली पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या खाली काळसर पट्टा दिसतो, तो बाटल्यांच्या बुडांचा आहे. मशीद बांधताना केवळ श्रीमंतांचेच नव्हे तर गोरगरिबांचेही काही लागावे म्हणून त्यांनी दिलेल्या या बाटल्या. अब्बाजी ते ऐकून बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, “शुक्रवारची जुम्मा इथंच पढणार.”

शुक्रवारीच आमचे जहाज होते. सुटण्याची वेळ संध्याकाळी पाच, आणि कागदावर स्पष्ट लिहिले होते की साडेतीननंतर प्रवेश नाही. मुसाफिराला जुम्मा फर्ज नाही, हे मी हळूच सांगून पाहिले. “फर्ज नाही, मनाही पण नाही,” अब्बाजी म्हणाले. विषय संपला.

सिंगापुरात जोहरची वेळच एकच्या सुमारास होते. आम्ही बायकांनी वरच्या सज्जात नमाज पढली. सगळे आटोपून, हॉटेलातून सामान काढून रस्त्यावर आलो तेव्हा सव्वादोन झाले होते. मशीद सुटलेली, अरुंद गल्ल्या भरलेल्या. मोठी गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवायला हवी होती. आयत्या वेळी मिळेना. मग दोन गाड्या करायचे ठरले. मी मोबाइलवरून एक बोलावली, ह्यांनी रस्त्यावरची टॅक्सी थांबवली.

माझी गाडी आली. अब्बाजी, नणंद, मी आणि धाकटा असे बसणार होतो. चालकाने धाकट्याकडे पाहिले आणि नम्रपणे मान हलवली. सिंगापुरात एक मीटर पस्तीस सेंटिमीटरपेक्षा बुटके मूल मोटारीत बसवायचे तर त्याच्यासाठी खास आसन लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे, अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. (तसे आसन असलेली गाडी अ‍ॅपवर वेगळी मागवता येते, मागवताना तेवढे बघावे लागते.) घाईघाईत अदलाबदल झाली. धाकटा आणि बहुतेक बॅगा ह्यांच्या टॅक्सीत गेल्या, थोरली माझ्याकडे आली. ह्यांच्या खांद्यावर एक काळी पिशवी होती आणि त्या पिशवीत सहाही जणांचे पासपोर्ट होते.

मी अ‍ॅपमध्ये ‘मरिना बे क्रूझ सेंटर’ असे लिहिले होते. ह्यांनी चालकाला सांगितले, “सिंगापूर क्रूझ सेंटर.” दोघांनाही वाटले आपण एकच बोललो.

सिंगापुरात बंदरे दोन आहेत. एक हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलला लागून. त्याचेच नाव सिंगापूर क्रूझ सेंटर. तिथून बाताम आणि इतर इंडोनेशियन बेटांच्या फेरीबोटी सुटतात आणि काही क्रूझही लागतात. दुसरे मरिना साउथला, २०१२ साली सुरू झालेले मरिना बे क्रूझ सेंटर. मोठी जहाजे बहुधा इथे येतात. दोन्हींच्या मध्ये मोटारीची पंधरा-वीस मिनिटे. गंमत म्हणजे या दुसऱ्याच्या पूर्ण नावातही शेवटी ‘सिंगापूर’ आहे. तिकिटावर ते पूर्ण नाव छापलेले होते आणि ते तिकीट आम्ही किमान वीस वेळा हातात घेतले होते. शिवाय मरिना साउथ पिअर नावाचा जवळच वेगळा धक्का आहे, जिथून लहान बेटांकडे नावा जातात. एमआरटीच्या लाल मार्गाचे शेवटचे स्टेशन त्याच नावाचे. बुगिसहून सिटी हॉल किंवा रॅफल्स प्लेसला गाडी बदलून तिथे उतरता येते आणि मग क्रूझ सेंटरपर्यंत थोडे चालावे लागते. मरिना बे स्टेशनाहून ४०० नंबरची बसही आहे. हे सगळे मला आज पाठ आहे. त्या दिवशी यातले काहीही माहीत नव्हते.

आम्ही चौघे अडीचच्या सुमारास मरिना बेला उतरलो. समोर जहाज उभे होते, दहा-बारा मजली इमारतीसारखे. अब्बाजी त्याच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. ह्यांना फोन लागेना. परदेशात चालणारे डेटाचे कार्ड फक्त माझ्या मोबाइलमध्ये होते, दोघांना कशाला म्हणून. रांगेतल्या मुलीने पासपोर्ट मागितले आणि मी रिकामे हात दाखवले. नणंदेचे डोळे भरून आले. थोरली एकसारखी टॅक्सीच्या थांब्याकडे धावत जाऊन परत येत होती.

अब्बाजींना एका बाकावर बसवले. त्यांच्या हातात तस्बीह होती. काही वेळाने ते आपणहून बोलू लागले. “आम्ही गावावरून एस्टीनं मुंबईला आलो. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरलो. तिथं हॉल भरलेला, कोकणातले, मराठवाड्याकडचे, कुठले कुठले लोक. जहाजाच्या दिवशी मुसाफिरखान्यातून गोदीत. माझ्या मायनं पिलग्रिम पास शिवलेल्या कापडी पिशवीत घालून गळ्यात बांधला होता, माझा माझ्या गळ्यात, तिचा तिच्या. अंघोळीला जाताना पण काढत नव्हती.” त्या काळी हाजींना पासपोर्टऐवजी पिलग्रिम पास मिळायचा. अब्बाजींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण ते काय म्हणत होते ते मला कळले. मला आणखी एक कळले. स्टेशन, मुसाफिरखाना आणि गोदी हे तीन टप्पे त्या लोकांनी आपल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या डोक्यात आमच्या मोबाइलपेक्षा पक्के बसवले होते.

तिकडे ह्यांनी हार्बरफ्रंटला टॅक्सी सोडली होती. सगळ्या बॅगा आणि पोराला घेऊन खिडकीशी पोहोचले, तेव्हा तिथल्या बाईंनी तिकीट बघून सांगितले की तुमचे जहाज इथे नाही. नशीब की तिने कागदावर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहून दिला आणि टॅक्सीचा थांबा दाखवला. रांगेत सात-आठ माणसे पुढे होती. धाकट्याने तेवढ्यात “मला शू लागली” म्हणून सांगितले, हे मला नंतर कळले आणि नंतर कळले तेच बरे झाले.

तीन वाजून बावीस मिनिटांनी थोरलीची किंकाळी ऐकू आली, “पप्पा आले!” आम्ही सहाही जण आत गेलो तेव्हा आमच्यामागे रांगेत कुणीच नव्हते. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा अब्बाजी वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे होते. त्यांनी सफरची दुआ पढली, आणि जमीन दूर जाईपर्यंत कुणाशीही बोलले नाहीत.

त्याच रात्री नणंदेने दुपट्ट्याच्या कापडाच्या सहा पिशव्या शिवल्या. सुई-दोरा तिच्या पर्समध्ये कायम असतो.

परतीचे मात्र नीट जमले. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि क्रूझ म्हणजे देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येणे, म्हणून एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हे आधी बघावे. विमानाने येताना भरलेले आगमन-कार्ड जहाजाने येतानाही नव्याने भरावे लागते. ते फुकट असते आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरता येते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये. आणखी एक, आपल्या बायकांसाठी खास : मसाल्यात टाकायची खसखस आणि वडीलधाऱ्यांची खायची तंबाखू, दोन्ही सिंगापुरात नेणे बेकायदा आहे. आमच्या घरच्या मसाल्याची बरणी मी मुंबईतच ठेवली होती.

रविवारी सकाळी जहाज लागले. सगळे प्रवासी एकदमच उतरत नाहीत, मजल्यांप्रमाणे पाळी येते, मग सामान, मग इमिग्रेशन, मग टॅक्सीची भलीमोठी रांग. म्हणून त्या दिवशीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे. आमचे संध्याकाळचे होते. मधला वेळ ज्वेलमध्ये काढायचा होता; विमानतळाला जोडून असलेला तो धबधब्याचा मॉल धाकट्याने येतानाच बघून ठेवला होता, आणि सामान ठेवायची सोयही तिथेच आहे. या वेळी सहा जणांची मोठी गाडी शुक्रवारीच सांगून ठेवली होती. चालकाने बॅगा चढवल्या आणि आरशात बघून विचारले, “विच टर्मिनल?”

मागून सहाही जण एकदम ओरडलो, “टू!” चालक दचकला. अब्बाजींनी हात गळ्याशी नेऊन आपली पिशवी चाचपली आणि मग धाकट्याचीही.