बरोबर उत्तर, पण हळू

सख्यांनो, आता आपल्या कितीतरी घरांत लहान मुलांची इंग्रजीची चाचणी आईच्या मोबाईलवर होते. बाई ग्रुपवर लिंक टाकतात, मुलं बटणं दाबतात, गुण लगेच समोर. चाळीस वह्या तपासण्यापेक्षा बाईंना हे सोपं. कोणता प्रश्न बहुतेकांचा चुकला तेही एका नजरेत कळतं. त्यामुळे क्विझला मी सरसकट नावं ठेवणार नाही.

पण परवा तिसरीतल्या माझ्या पुतणीला वीसपैकी एकोणीस मिळाले. जाऊबाई खूश. दिवसाउजेडी जेवणं उरकल्यावर मी सहज म्हटलं, "त्यातला छत्रीचा शब्द लिहून दाखव गं." पोरगी 'अंब'पर्यंत आली आणि अडकली. म्हणाली, "काकू, तिथे चार शब्द असतात ना, त्यातला ओळखायचा असतो!"

नेमकं बोलली. ओळखणं वेगळं, आठवून लिहिणं वेगळं. शिवाय चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं, तरी विसात सरासरी पाच गुण फुकटचे.

मला जास्त लागलं ते तिच्या धाकट्या भावाचं. तो अक्षराखाली बोट ठेवून वाचतो. त्यांच्या वर्गात कहूट खेळतात. त्यात नेहमीच्या पद्धतीनं चटकन बरोबर दाबणाऱ्याला हजाराच्या आसपास गुण मिळतात, आणि वेळ संपतासंपता दाबलं तर उत्तर बरोबर असूनही साधारण पाचशेच. हा फारसा चुकत नाही, पण यादीत कायम खाली. मागच्या आठवड्यात म्हणाला, "मला इंग्लिश येत नाही." सात वर्षांचं पोर! अहो, फ्रीजवरची अख्खी सूचना मला वाचून दाखवतो तो.

मी शाळेत जाऊन बाईंशी बोलले. गुगल फॉर्मवर प्रश्न दिले तर घड्याळाची टिकटिक नसते, आणि शब्द स्वतः लिहायचे प्रश्नही घालता येतात. फक्त स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तरी यंत्र शून्य देतं, तेवढी उत्तरं बाईंनाच बघावी लागतात. बाई भल्या आहेत. "बघू एकदा करून," म्हणाल्या.

शुक्रवारी त्यानं बावीस मिनिटं घेतली. मध्ये एकदा पाणी प्यायलाही उठला. वीसपैकी सतरा.