दोन शिड्या उशिरा

सहलीला गेलेल्या माणसांच्या अपघाताची बातमी वाचली की आपण ‘काय ही बेफिकिरी!’ म्हणतो आणि पान उलटतो. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हा मीही तसेच म्हणालो होतो. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, आणि पाणी वाढलेले कळते तेव्हा काठ दूर गेलेला असतो, हा विचार काही तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पुढे एका पावसाळ्यात आम्ही सहकुटुंब कळसूबाईला निघालो. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर! जिन्यात भेटेल त्याला मी हा बेत आधीच सांगून ठेवला होता. बारी गाव सोडायलाच अकरा वाजले. वाट दाखवायला गावातले एक म्हातारबा बरोबर घेतले.

पहिल्या लोखंडी शिडीपाशी धुके उतरले. म्हातारबा म्हणाले, “सायेब, इथूनच माघारी फिरा. चढाल तुम्ही, पण उतरताना पाय थकल्याला असतो, अन् पायरी दिसत न्हाई.”

सौभाग्यवतीनेही मान डोलावली. मी मात्र म्हणालो, “इतके आलो, आता थोडक्यासाठी कशाला?”

दोन शिड्या चढलो. पुढचा माणूस दिसेना, तेव्हा कुठे मला शहाणपण सुचले. उतरताना धाकटीचा पाय ओल्या पायरीवरून सटकला आणि ती एका हातावर लोंबकळली. खाली म्हातारबा होते. त्यांनी तिचे पाऊल धरून अलगद पायरीवर टेकवले. सारा प्रकार दोन क्षणांचा. पण त्यानंतर माझे गुडघे कितीतरी वेळ थरथरत होते.

मी बेफिकीर नव्हतो हो. मला फक्त परत फिरण्याची लाज वाटत होती.

रात्री जिन्यात शेजाऱ्यांनी विचारलेच, “काय, झाले का कळसूबाई?”

मी उत्तर जुळवीत होतो, तोच धाकटी पुढे झाली. “नाही झाले,” ती म्हणाली, “आम्ही परत आलो.”

‘परत आलो’ हे शब्द तिने ज्या थाटात उच्चारले, त्या थाटात मला ‘शिखर गाठले’ हेदेखील म्हणता आले नसते.