परसांतला सोनटक्का

कोंकणांतील आमच्या घराच्या मागील दारीं न्हाणीचें सांडपाणी जेथें वाहून जातें, तेथें अळूचें बन असावें, शेजारीं कर्दळ असावी आणि त्या दोहोंच्या पलीकडे सोनटक्का असावा, ही व्यवस्था आमच्या आळींतील प्रत्येक परसांत सारखीच आढळते. सोनटक्क्यास कोणी मुद्दाम पाणी घालीत नाहीं, खत घालीत नाहीं, आणि वर्षाचे आठ महिने त्याचें कौतुकहि कोणी करीत नाहीं. उन्हाळ्यांत पानें करपून लोळूं लागलीं म्हणजे तो एखाद्या टाकून दिलेल्या हळदीच्या वाफ्यासारखा दिसतो. मृगाचा पाऊस पडला कीं गड्ड्यांतून कोंब वर येतात, श्रावण सरतां सरतां ते माणसाच्या खांद्याशीं लागतात, आणि गौरीगणपतीच्या सुमारास एके दिवशीं दिवेलागणीस घरांतलें कोणी तरी जातां जातां थबकून म्हणतें, "सोनटक्का फुलला वाटतें!" फूल दिसण्याच्या आधीं वास येतो. या फुलाची आमची ओळख प्रथमपासून नाकानेंच झालेली आहे.

ज्यांना आपण सोनटक्क्याच्या पाकळ्या म्हणतों त्या वास्तविक पाकळ्या नव्हेत. खऱ्या पाकळ्या अरुंद, फिक्या आणि मागें लोंबणाऱ्या असतात. फुलपाखराच्या पंखांसारखा जो शुभ्र पसारा दिसतो, तो वांझ पुंकेसरांचा. एकच पुंकेसर आपलें मूळ काम करितो, आणि स्त्रीकेसराची तारेसारखी दांडी त्याच्याच परागकोशांमधल्या खांचेंतून डोकें वर काढिते. खालची नळी इतकी लांब व निमुळती कीं तळचा मध लांब सोंडेच्या, संध्याकाळीं उडणाऱ्या पतंगासच मिळावा. तो पांढरा रंग आणि रात्रींचा तो दरवळ हीं सारी आमंत्रणें त्या पतंगासाठीं आहेत. आमच्या घरच्या बायकांच्या वेण्या हा मधल्यामध्यें झालेला लाभ होय. आलें, हळद आणि वेलदोडा यांच्या कुळांतलें हें झाड मूळचें पूर्व हिमालयापासून दक्षिण चीन व आग्नेय आशियापर्यंतचें. तरंगमबाडीस वैद्यकी केलेल्या योहान कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाचें त्याविषयींचें वर्णन १७८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं दिलेलें हेडिकियम हें नांव 'गोड' आणि 'बर्फ' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घेतलेलें आहे. आपल्या लोकांनीं त्याच पांढऱ्या फुलास सोन्याचें नांव दिलें! कोमेजतांना त्यावर पिवळसर छटा येते, एवढाच काय तो सोन्याशीं संबंध.

दूरदेशीं गेल्यावर या झाडाचें दैव निरनिराळें निघालें. क्यूबा देशानें १९३६ सालीं त्यास आपलें राष्ट्रपुष्प केलें. स्पेनविरुद्धच्या लढ्यांत तेथील बायका या फुलांच्या गुच्छांत निरोपाच्या चिठ्ठ्या लपवून नेत, असें सांगतात. ब्राझीलमध्यें मात्र ओढ्यांचे व दलदलीचे कांठ त्यानें असे व्यापले आहेत कीं तेथें तें उपद्रवी तण समजलें जातें. असो.

आमच्या परसांतला सोनटक्का आत्याबाईंनीं लाविलेला. अगदीं तरुणपणीं वैधव्य आल्यावर त्या माहेरीं आल्या त्या कायमच्या. स्वतःच्या केंसांत त्यांनीं फूल कधीं घातलें नाहीं; पण दुपार कलली कीं मिटलेल्या कळ्या खुडून त्या ओल्या फडक्यांत ठेवीत, दिवे लागेपर्यंत त्या उमलत, आणि मग घरांतल्या व शेजारच्या मुलींत त्यांची वांटणी होई. त्या वांटणींत पक्षपात झाल्याची तक्रार आमच्या बहिणी अजून करितात.

सन २०११ च्या हिवाळ्यांत आत्याबाई गांवच्या मंडळींबरोबर मोटारीनें नर्मदापरिक्रमेस गेल्या. नर्मदेच्या उगमाशीं, अमरकंटकास, हेंच फूल गुलबकावली या नांवानें ओळखलें जातें. मैकल राजानें असा पण लाविला होता कीं जो गुलबकावलीचें फूल आणील त्यास कन्या देईन. शोणभद्रानें तें आणिलें. पण नर्मदेनें आपलीं वस्त्रें घालून धाडिलेल्या जोहिलेसच तो भुलला, आणि नर्मदा रागानें पश्चिमेस वळून कुमारीच राहिली, अशी तिकडची कथा आहे. फारसींतून उर्दूंत आलेली गुलबकावलीची गोष्ट याहून निराळी. पुत्राचें मुख पाहतांच अंध झालेला राजा, आणि त्याच पुत्रानें परीच्या बागेंतून आणिलेलें, डोळ्यांवरून फिरवितांच दृष्टि परत देणारें तें फूल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निहालचंद लाहोरी यांनीं ती फोर्ट विल्यम कॉलेजासाठीं उर्दू गद्यांत उतरविली आणि १८३८ सालीं दयाशंकर नसीम यांनीं ती पद्यांत बांधिली. गोष्टींतल्या फुलाचें नांव सोनटक्क्यास चिकटलें, आणि नांवामागोमाग गुणहि आला. अमरकंटकास गुलबकावलीचा अर्क डोळ्यांचें औषध म्हणून विकला जातो. आत्याबाईंनीं त्याची एक कुपी आणिली.

"आपल्या न्हाणीमागचाच सोनटक्का तो," त्या आल्या आल्या सांगूं लागल्या, "आणि आपण त्याच्या नुसत्या वेण्या केल्या रे इतकीं वर्षें!"

येथवरची गोष्ट एखाद्या यात्रेकरू म्हातारीच्या भोळेपणाची म्हणून हंसून सोडून देतां आली असती. पण या कामीं शहाणपण मिरविण्यास आम्ही स्वतः पुढें सरसावलों. आम्हांस वनस्पतींचीं पुस्तकें वाचण्याचा नाद आहे. आम्ही आत्याबाईंस सांगितलें कीं, यांत अगदींच तथ्य नसेल असें नाहीं. चरकसंहितेंत श्वास हरण करणाऱ्या दहा द्रव्यांत शटी पहिली सांगितली आहे, उचकी थांबविणाऱ्या दहांतहि ती आहे. दिवाळीच्या उटण्यांत आपण जी कपूरकाचरी घालतों तिलाच पुष्कळ वैद्य शटी मानतात. आणि ही कपूरकाचरी म्हणजे सोनटक्क्याचें हिमालयांतलें सख्खें भावंड. शिवाय १९८८ सालीं जपानी संशोधकांनीं सोनटक्क्याच्या गड्ड्यांतून कोरोनारिन नांवाचीं द्रव्यें वेगळीं केलीं आणि पेशींस मारण्याची शक्ति त्यांत असल्याचें दाखविलें. गड्ड्याच्या तेलांत निलगिरीच्या तेलांत असतें तेंच सिनिऑल असतें. संधिवातावर व डोकेदुखीवर गड्डा वांटून लावण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. हें सारें आम्ही मोठ्या ऐटीनें सांगितलें. यांत खोटें एकहि नव्हतें, आणि डोळ्यांशीं संबंध असलेलेंहि एकहि नव्हतें. भावंडाचा गुण भावंडास लागू होतोच असें नाहीं, आणि कांचेच्या नळींतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हें आम्हांस कळत नव्हतें असें नाहीं. पण आत्याबाई ऐकत होत्या, आणि ऐकणारें माणूस समोर असलें म्हणजे बोलणाऱ्याची जीभ त्याच्या ज्ञानाच्या पुढें धांवते.

आत्याबाईंची तक्रार इतकीच कीं संध्याकाळीं अंधुक दिसतें. वय सत्तरीच्या पुढें. मोतीबिंदु असेल, पिकला म्हणजे काढूं, असें घरांत सर्वांनीं ठरवून टाकिलें. रात्रीं निजतांना त्या दोन दोन थेंब घालीत. "घातले कीं डोळे कसे निवतात!" असें म्हणत. निवत असतीलहि, गार पाणी घातलें असतें तरी निवले असते. पहिली कुपी संपली तेव्हां दुसरी आम्हींच एका परिक्रमावासी ओळखीच्या गृहस्थाकडून मागविली. ती गोष्ट आमच्या हिशेबीं अजून मांडलेली आहे.

२०१३ च्या भाद्रपदांत सोनटक्का विशेष फुलला होता. आत्याबाई रोजच्याप्रमाणें कळ्या खुडून आल्या कीं बेटाच्या उजव्या अंगाचे तुरे मोकळे झालेले असत आणि डाव्या अंगाचे तसेच भरलेले राहत. एका मुलीनें विचारलें देखील, "त्या बाजूच्या कां नाहीं खुडल्या?" आत्याबाई म्हणाल्या, "तिकडे अजून आल्या नाहींत." मुलगी हंसली. आम्हांस वाटलें, देवासाठीं राखून ठेविल्या असतील. त्याच दिवसांत त्यांचा डावा खांदा माजघराच्या चौकटीस दोनदां लागला, आणि डाव्या हातास ठेविलेला पाण्याचा तांब्या कलंडला. हीं सर्व चिन्हें आम्ही पाहत होतों, आणि त्यांपैकीं एकाचाहि अर्थ आम्हांस लागला नाहीं. आमच्या वाचनांत झाडें पुष्कळ होतीं. माणसाच्या डोळ्याविषयीं आम्ही एक पानहि वाचलेलें नव्हतें.

दिवाळीनंतर मोतीबिंदूसाठीं म्हणून त्यांस रत्नागिरीस नेलें. डॉक्टरांनीं डोळ्यांतला दाब मोजला, आंत पाहिलें, आणि पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. तो मोतीबिंदु नव्हता, काचबिंदु होता. हा रोग बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. डोळ्यांतला दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू मरत जाते, आणि दिसण्याचा पट कडेकडेनें विरत येतो. समोरचें दिसत असतें म्हणून माणसास आपलें कांहीं हरवलें आहे हें समजतच नाहीं. डाव्या डोळ्यास आतां उजेड आणि अंधार एवढेंच कळत होतें. उजव्याचेंहि बरेंच गेलें होतें. मोतीबिंदु काढला कीं दृष्टि परत येते. काचबिंदूनें नेलेली परत येत नाहीं, उरली असेल तेवढी राखतां येते. "दोन वर्षें आधीं आणायला हवें होतें," डॉक्टर म्हणाले. दोन वर्षें म्हणजे बरोबर त्या दोन कुप्यांचा काळ.

त्या अर्कानें डोळा गेला असें आम्ही म्हणत नाहीं. डॉक्टरांनींहि तसें म्हटलें नाहीं. घरगुती रीतीनें काढलेलें कोणतेंहि पाणी निर्जंतुक असल्याची खात्री नसतां डोळ्यांत घालणें धोक्याचेंच, हें त्यांनीं सांगितलें. पण इथें नुकसान झालें तें थेंबांनीं नव्हे, थेंब घातले आहेत या समाधानानें. आणि त्या समाधानास विद्वत्तेचा टेकू आम्हीं दिला होता.

परततांना मोटारींत आम्ही हें सर्व आत्याबाईंस बोलून दाखविलें. त्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "राजाला काचबिंदु नव्हता रे." पुढें त्या विषयावर त्यांनीं एक शब्दहि काढला नाहीं. घरीं आल्यावर उरलेली अर्धी कुपी त्यांनीं स्वतःच्या हातानें सोनटक्क्याच्या मुळाशीं ओतली, आणि कुपी धुवून तींत कुंकू भरून ठेविलें.

मध्यंतरीं आमच्या मनांत त्या झाडाविषयीं अढी बसली होती, हें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्या वर्षीं बेट खणून काढावें असें आम्ही बोललोंहि. पण झाडाचा अपराध तो काय? आम्हीं त्याच्या गळ्यांत न मागितलेली वैद्यकी बांधिली, एवढाच. या वैद्यकीचा भार त्यालाहि सोसावा लागतो. ब्राझीलच्या ओढ्यांत ज्याचा उपद्रव होतो, तेंच झाड मध्य भारताच्या रानांत गड्ड्यांसाठीं व फुलांसाठीं उपटलें जाऊन दुर्मिळ झालें आहे. जेथें त्याला कोणी औषध म्हणत नाहीं, तेथें तें सुखी दिसतें.

आत्याबाई आतां चौऱ्याऐंशीं वर्षांच्या आहेत. उजव्या डोळ्यांत डॉक्टरांनीं दिलेले थेंब रोज ठराविक वेळीं पडतात, आणि त्या डोळ्यानें पुढचें ताट, देव्हारा व माणसांचीं तोंडें अजून दिसतात. कळ्या खुडण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. भाद्रपदांत संध्याकाळीं त्या मागील पडवींत बसतात आणि "आज पहिलें फूल उमललें" असें आम्ही पाहण्याच्या आधीं सांगतात. आम्ही कंदील घेऊन जातों तों खरोखरच एखाद्या तुऱ्यावर एक फूल उघडलेलें असतें. बहुधा डावीकडे, कां तें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं, कदाचित् हल्लीं आम्ही तिकडेच आधीं पाहतों म्हणून.

गेल्या पावसाळ्यांत खालच्या आळींतील एक बाई गुडघ्यावर वांटून लावण्यास गड्डे मागावयास आल्या. आम्ही आंत बसलों होतों. पुस्तक हातांत होतें. पण तोंड उघडलें नाहीं. आत्याबाईंनीं चार चांगले कोंबाचे गड्डे काढवून त्यांच्या पदरांत घातले.

"हे घेऊन जा, पाणी मुरतें तिथें लाव," त्या म्हणाल्या. "लावायचे ते मातींत हो, गुडघ्याला नव्हे. आणि गुडघा दाखवून ये शहरांत. पोराला सांग सोबत यायला."

बाईंनीं गड्डे लाविले. यंदाच्या गौरीस त्यांच्या परसांत दोन तुरे आले, त्यांतली एक वेणी आमच्याकडेहि आली. गुडघ्याची चौकशी आत्याबाई येतां जातां करीत आहेत. अजून तारीख मिळावयाची आहे असें समजतें.