गवंड्याचे अठरा हजार

चि. बाळ यास,


परवा मी फोन धाडकन ठेवला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. गवंड्याच्या पैशांचं विचारलं तर तू हसून म्हणालास, "आत्या, आपण काही कर्मांनी तरत नाही." या वयात मला उत्तर फोनवर सुचत नाही, रात्री दोन वाजता सुचतं. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच "बरं बरं, ठेवतो" म्हणता येत नाही, हाही फायदा आहेच.

तुझं वाक्य चूक नाही, हीच तर पंचाईत. ते तुला शिकवलं कुणी? मीच. संडे स्कूलमध्ये पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचं आठवं-नववं वचन मी तुम्हां पोरांकडून घोकून घेतलं, बिनचूक म्हणणाऱ्याला पेन्सिल दिली आणि तिथेच थांबले. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे आठ-नऊ. ज्या सत्कृत्यांसाठी आपल्याला घडवलं ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत, हे दहावं. पौल तिथे थांबला नव्हता रे, पेन्सिली वाटायला मी थांबले.

'नीतिमत्त्व' हा आपला शब्दही जरा फसवाच. त्यात 'नीती' दिसते, म्हणून ते सरळ चालीच्या माणसाला मिळणारं प्रशस्तिपत्र वाटतं. पौलाच्या मनात मात्र कोर्ट आहे: आरोपी उभा आहे आणि न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. अब्राहामाकडे वळल्यावर तर रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सरळ चोपडीच उघडतो. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. गणणं म्हणजे जमाखर्चातला शब्द. आपण न कमावलेली रक्कम कुणी आपल्या खाती जमा केली. हे मी तुला काय सांगावं? तू यावरच साक्ष दिलीस, माइकवर, चांगली अर्धा तास. (माइक आल्यापासून मंडळीतल्या साक्षी लांबल्या. तुझे आजोबा उभे राहून तीन वाक्यं बोलायचे आणि बसायचे.) पण ज्याच्या खाती एवढी जमा पडली, त्याने गवंड्याच्या नावाचं पान चिकटवून टाकायचं?

जकातदार जक्कय घे. प्रभू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि तुझ्या घरी मुक्काम करतो म्हणतो. पैशांचं अवाक्षर नाही. आणि हा आपणहून उठून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेल्यांना चौपट परत करतो म्हणतो. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतः कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच भरायला सांगितलंय. शंभराला एकशेवीस. जक्कय चारशे मोजायला बसला. स्वीकार आधी झाला होता, म्हणून त्याचा हात एवढा सैल सुटला, असं मला वाटतं. धाकाने देणारा एकशेवीसवर एक पैसा वाढवत नाही.

आणि पौल स्वतः? फिलेमोनाला लिहिलेलं ते एवढंसं पत्र पुन्हा वाच. पळून आलेल्या अनेसिमाला तो मालकाकडे परत पाठवतो आणि वर लिहितो की याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. कृपेचा एवढा मोठा शिक्षक, पण देण्याघेण्याची गोष्ट आली तेव्हा त्याने लेखणी दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

ल्यूथर तुझा लाडका, ठाऊक आहे. त्याने नव्या कराराच्या १५२२च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं, हे तू मला तीनदा तरी ऐकवलंयस. त्याच वर्षी रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलं की विश्वासातून कृती वेगळी काढणं म्हणजे आगीतून धग नि उजेड वेगळा काढणं. तेवढं पान तुझ्या हाती लागलं नाही वाटतं! आणि त्या 'गवता'च्याच पाचव्या अध्यायात कामकऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं.

आजोबांच्या शेवटच्या आजारात दुधवाल्याचे साडेतीन रुपये राहिले होते. त्यांनी मला इस्पितळातून पिटाळलं. तू सायकलच्या कॅरिअरवर होतास, पाय चाकात जाईल म्हणून मी सारखी ओरडत होते. दुधवाला पैसे घेईना, तेव्हा तूच त्याच्या किटलीच्या झाकणावर नाणी ठेवलीस. आठवतं की नाही? तेव्हा तुला तारणाचा सिद्धांत येत नव्हता.

बरं, गवंडी परवा ओट्यावर बसला होता, तेव्हा तुझ्याविषयी एक वाईट शब्द बोलला नाही. "साहेब देवमाणूस आहेत, विसरले असतील," म्हणाला. मला चहा जाईना.

हे सगळं लिहिलं खरं, पण आता कालपासून दुसरंच डोक्यात घोळतंय. तू पैशाला चिकट कधीच नव्हतास. घराचे हप्ते थकलेत का? नोकरीचं काही? सूनबाई फोनवर "सगळं ठीक, सगळं ठीक" फार भरभर म्हणते. मागच्या नाताळात तू दोन वेळा जिन्यावर थांबलास, तेही मी पाहिलंय. तसं काही असेल तर वचनाच्या आड लपू नकोस, सरळ सांग की आत्या, हात रिकामा आहे. मी रागावणार नाही. आणि रक्तदाब तपासून घे.

गवंड्याला मी पेन्शनमधले पाच हजार दिलेत. तुला सांगणार नव्हते. तेरा राहिले. तो शनिवारी पुन्हा येईल.

तुझी,
आत्या