मायटॉप बसवताना शिकवलेला पूर्वज्ञानाचा धडा



आमच्या शाळेतले गुण, हजेरी, शिष्यवृत्तीची माहिती हे सगळं एकाच मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असतं. संगणक कक्षातल्या एका जुन्या उबुंटू मशीनवर तो चालतो. सत्राच्या शेवटी गुण भरताना पान उघडायला फार वेळ लागू लागला, आणि सगळ्यांचं बोट ऑफिसमधल्या क्लार्क ताईंकडे गेलं. "ताईंचा हातच हळू आहे," असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जायचं. माणसावर ठपका ठेवण्याआधी यंत्राची नाडी बघायला हवी, असं मला वाटलं. म्हणून मायटॉप बसवायचं ठरवलं. सोबत नववीच्या दोन मुलांना घेतलं.

लिनक्समध्ये 'टॉप' ही आज्ञा संगणकावर काय काय चाललंय ते दाखवते. मायटॉप तेच काम डेटाबेससाठी करतं. जेरेमी झवोडनी यांनी ते पर्ल भाषेत लिहिलं. दर ५ सेकंदांनी पडदा ताजा होतो. कोण जोडलेलं आहे, कोणती क्वेरी चालू आहे, किती सेकंद झाले, हे सगळं समोर दिसतं.

प्रोग्राम छोटासाच, पण एकटा चालत नाही. त्याला आधी पर्ल लागतं. मग डीबीआय, म्हणजे कुठल्याही डेटाबेसशी बोलण्याची सामाईक पद्धत. मग डीबीडी-मायएसक्यूएल, म्हणजे ते बोलणं मायएसक्यूएलला कळेल असं करणारा दुभाषा. आणि टर्म-रीडकी, म्हणजे एंटर न दाबता एकेक कळ ओळखणारा भाग. दुभाषाच्याही खाली मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी असते. तो मुळापासून तयार करायचा तर सी भाषेचा कंपायलरही हवा.

उबुंटूच्या 'ॲप्ट'ने हे सगळं एका आज्ञेत येतं, आणि चालू मशीनवर तेच करावं. पण मुलांना क्रम कळावा म्हणून एका रिकाम्या मशीनवर आम्ही पर्लच्या सीपॅन भांडारातून एकेक भाग आणला. टर्म-रीडकी मुद्दाम मागे ठेवलं. लगेच पडद्यावर लांबलचक एरर आली. मुलं आधी दचकली. मग एकाने नीट वाचलं आणि म्हणाला, "बाई, हा तर काय नाहीये तेच सांगतोय की!" अगदी बरोबर. कोणता भाग सापडला नाही, त्याचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

अजून एक काळजी घेतली. मुख्य पासवर्ड मायटॉपला दिला नाही. वेगळं खातं काढून 'प्रोसेस' हा अधिकार दिला. तो नसेल तर फक्त आपलीच कामं दिसतात, इतरांची नाही. पासवर्डची फाईलही दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशी ठेवली.

मग मायटॉप खऱ्या मशीनवर सुरू केलं. ताईंची क्वेरी क्षणात येऊन जात होती. हजेरीच्या अहवालाची एक क्वेरी मात्र हलायलाच तयार नव्हती. 'एफ' दाबून ती पूर्ण वाचली, 'ई' दाबून तिचा मार्ग बघितला. एका विद्यार्थ्याची हजेरी काढायला ती सगळ्या वर्षांचा सगळा तक्ता चाळत होती. पुस्तकाला शेवटी सूची नसेल तर एक शब्द शोधायला सगळी पानं उलटावी लागतात ना, तसंच. त्या रकान्याला इंडेक्स जोडून घेतला, आणि गुणांची पानं पटापट उघडू लागली. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "दोष ताईंचा नव्हता." मला तेच जास्त मोलाचं वाटलं.

मुलांचंही असंच असतं. अपूर्णांक जमत नाहीत म्हणून आपण पोराला 'ढ' म्हणून मोकळे होतो. खाली कदाचित पाढेच नसतात, किंवा लसावि राहिलेला असतो. संगणक निदान नाव घेऊन सांगतो, काय कमी आहे ते. मूल सांगू शकत नाही, ते नुसतं गप्प बसतं. मग ते नाव शोधून काढणं हे आपलंच काम, नाही का? पुढच्या पालकसभेत "मार्क किती?" याच्या आधी "अडतंय कुठे?" एवढं विचारून बघा.